निवेदकाला बाजू नसते

मु. पो. सावरखेडे, ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर

आदरणीय मेहुणे श्री. भिमाजीराव यांस,

सावरखेड्याहून पुंजारामचा मनापासून रामराम. आपल्या गुडघ्याला उतार पडला असेल, बोअरला पाणी टिकून असेल आणि धाकट्या नातवाने चालायला सुरुवात केली असेल असं धरून चालतो. वहिनींना नमस्कार. इकडे मी ठणठणीत आहे. हा शब्द मुद्दाम लिहिला, कारण माझ्या तब्येतीबद्दल किंवा माझ्या जेवणाबद्दल तिकडे कुणी काही वेगळं सांगत असल्यास (कुणी म्हणजे कोण, ते मी लिहीत नाही) त्यावर विश्वास ठेवू नये.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला? फोन केला होता. तुम्ही उचलला नाही. परत केला, तर वहिनींनी उचलला आणि "ते रानात गेलेत" असं सांगितलं, तेव्हा मागून तुमच्या खोकल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. शिवाय फोनवर समोरचा माणूस मधे बोलतो. मला माइकची सवय. मधे कुणी बोललेलं चालत नाही. म्हणून लिहितो आहे. दूध टेम्पोवाला अमृत बोरटाकळीवरून जातो, त्याच्या हाती देतो.

विषय, यात्रेतला कबड्डीचा अंतिम सामना. सावरखेडे विरुद्ध बोरटाकळी. तुम्ही तिथं होता, सगळं पाहिलंत, तरी मी पहिल्यापासून सांगणार आहे. कारण तुम्ही ते बोरटाकळीच्या बाजूला बसून पाहिलंत आणि मी ते माचाणावरून, कुठल्याच बाजूला न बसता पाहिलं.

सोसायटीच्या सचिवपदावरून मला निवृत्त केलं, पण माइकवरून अजून कुणी निवृत्त करू शकलेलं नाही. पाथर्डी म्हणा, शेवगाव म्हणा, यात्रेत कबड्डी असली की निवेदनाला पुंजाराम. हे माझ्या आवाजामुळे नाही (आवाज चांगला आहे, तो भाग वेगळा). मला बाजू नाही म्हणून. बाकीच्या लोकांना बाजू असते आणि ती कशी ठरते हे पाहिलं तर हसू येतं. आमच्या शेजारचे काकासाहेब टीव्हीवर क्रिकेट लागलं की पिवळ्या कपड्यातल्या संघाच्या बाजूने. त्या संघात कोण खेळतो ते त्यांना सांगता येणार नाही. पिवळा रंग खंडोबाच्या भंडाऱ्याचा, एवढं त्यांना पुरतं. शेवगावचा अझहर, ज्याचे स्पीकर आणि माइक आम्ही नेहमी आणतो, त्याला एकदा विचारलं, तुझा संघ कुठला? तो म्हणाला, "काका, जे माझ्या वायरवर पाय देत नाहीत, ते माझे." मी या सगळ्यांकडे बघून मनात म्हणायचो, पुंजाराम, तू बरा. तू फक्त खेळ बघतोस.

यंदा यात्रेला पोरं तोडीवरून नुकतीच परतली होती. चार-सहा महिने ऊस तोडून मोळ्या उचललेल्या पोरांची मांडी धरली की सुटत नाही, तेव्हा सामना रंगणार हे ठरलेलंच होतं. आमचा कप्तान करण. त्याला तुम्ही ओळखता. लहानपणी त्याचे आईवडील ऊसतोडीला कोपीवर गेले, की तो आजीपाशी राहायचा आणि जेवायला आमच्या ओसरीवर असायचा. तुमच्या बहिणीने, झुंबरने, त्याला किती भाकऱ्या वाढल्या त्याचा हिशेब नाही. तुमच्या संघातला मच्छिंद्र म्हणजे तुमच्या गावच्या गिरणीवाल्याचा मुलगा. नात्याचा ना गोत्याचा. हे मुद्दाम लिहितो आहे, पुढे त्याचं काम आहे.

आता झुंबर. लग्न झाल्यापासून तिने कधी कबड्डी पाहिली नव्हती. मी मैदानावरून घसा बसवून यायचो आणि ती गरम पाण्यात मीठ टाकून द्यायची, एवढाच तिचा या खेळाशी संबंध. यंदा बोरटाकळी अंतिम सामन्यात आली असं मीच घरी बोलून गेलो. तर दुपारी ही ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. मला वाटलं, माझं निवेदन ऐकायला येते आहे. (मनुष्याला असं वाटू शकतं.) ती बायकांच्या बाजूला अगदी पुढे, माझ्या माचाणासमोर जाऊन बसली आणि मच्छिंद्र पहिल्या चढाईला निघाला तेव्हा जी आरोळी आली, ती तिची आहे हे मला आधी कळलंच नाही. एवढ्या वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. मी माइकवर म्हणालो, "महिला भगिनींनी शांतता राखावी." तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा ओरडली.

आमच्या गावच्या बायका तिच्याकडे वळून बघायला लागल्या. सावरखेड्यात उभा जन्म काढलेली बाई, आमच्या करणला भाकरी वाढणारी बाई, बोरटाकळीच्या नावाने ओरडते आहे. मध्यंतरात मी माचाणावरून उतरून तिच्यापाशी गेलो आणि हळूच म्हणालो, लोक बघतायत. ती म्हणाली, "बघू द्या. मी काय चोरी केली का?" मी म्हणालो, करणला काय वाटेल? "त्याला भाकरी वाढली म्हनून माहेर सोडू व्हय? अन् तुमी मगापासून 'आपला करण', 'आपला करण' लावलंय, अन् मच्छिंद्र निघाला की 'बोरटाकळीचा खेळाडू'. त्याला नाव न्हाई का?" मी म्हणालो, 'आपला' ही माझी बोलायची लकब आहे. ती म्हणाली, "व्हय, लकबच हाय." एवढं बोलून तिने पदर कमरेला खोचला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी ऐका. शेवटची चढाई, गुण बरोबरीत, मच्छिंद्र आत शिरलेला. करण कोपऱ्यातून झेपावला, मच्छिंद्रने हात फिरवला, धूळ उडाली आणि तो मध्यरेषेवर येऊन पडला. हात करणला लागला असेल तर बोरटाकळी जिंकली, नसेल तर बरोबरी. एक पंच म्हणाला लागला, दुसरा म्हणाला नाही, आणि मुख्य पंच डोळ्यातली धूळ काढत होते. करणला विचारलं तर तो जमिनीकडे बघत म्हणाला, "धुळीत काय कळलं न्हाई." दोन्हीकडचे लोक मैदानात उतरायला लागले, काही जणांनी बाह्या वर केल्या. तेव्हा मुख्य पंचांना मी दिसलो. उंचावर बसलेला, निःपक्ष माणूस. त्यांनी विचारलं, निवेदक सांगतील ते मान्य आहे का? आमची माणसं म्हणाली, मान्य, पुंजाराम आमचेच आहेत. आणि भिमाजीराव, तुम्ही उठून हात वर केलात आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणालात, "मान्य. ते आमचे जावई हायेत. दाजी सांगतील ते खरं."

मी माइकवर सांगितलं, "स्पर्श झालेला नाही." मग पाच-पाच चढाया झाल्या आणि सावरखेडे जिंकलं. तुम्ही टोपी उचललीत आणि न जेवता, न बोलता गेलात. पुरणपोळ्या तशाच राहिल्या. तुमचा तो शब्द आणि ती टोपी, दोन्ही मला अजून दिसतात, पण त्यामुळे निर्णय बदलत नाही. मी जे सांगितलं ते पूर्ण विचार करून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कळलं की अझहरने शेवटची चढाई मोबाईलवर घेतली होती. मला आनंद झाला, आता सगळ्यांची तोंडं बंद होतील. चावडीपुढे तो मोबाईल फिरला. आमच्या गावच्या एकूण एक माणसाला त्यात स्पष्ट दिसलं की हात लागलेला नाही. तोच व्हिडिओ अझहरने बोरटाकळीच्या पोरांना पाठवला, तर तुमच्या गावात एकूण एक माणसाला स्पष्ट दिसलं की हात कोपराला लागला. मोबाईल तोच, धूळ तीच. आमच्या घरात तर एकाच चटईवर बसून एकाच वेळी मला एक दिसत होतं आणि झुंबरला दुसरं. मी म्हणालो, थांबव, इथे थांबव, दोघांत वीतभर अंतर आहे. ती म्हणाली, "वीतभर अंतर तुमच्या डोळ्यात हाय." शेवटी मी विचारलं, हा मच्छिंद्र तुझा कोण लागतो, एवढी त्याची बाजू घेतेस ती?

तिने मोबाईल चटईवर पालथा ठेवला. मग म्हणाली, "चढाईला निघताना तो डोक्यावरून हात फिरवतो अन् मग रेषेला पाय लावतो. अण्णा बैल जुंपायच्या आधी तसंच करायचे. डोक्यावरून हात, मग पाय जुवाला." अण्णांना, म्हणजे मामंजींना, मी बैल जुंपताना पाहिलेलं आहे. तिचं म्हणणं बरोबर आहे. मात्र अशा कारणावरून संघ निवडला तर खेळाचं काय व्हायचं, हे मी तिला समजावून सांगितलं. चांगलं सविस्तर सांगितलं. सकाळी तिने पिशवी भरली आणि "चार दिस जाऊन येते" म्हणून गेली. त्या चार दिवसांना आता बरेच दिवस झाले.

माझं उत्तम चाललं आहे. भाकरी जमते. (तव्यावर टाकताना तिचे भाग होतात, पण पोटात गेल्यावर व्हायचेच असतात.) अडचण फक्त गाईची. झुंबरशिवाय ती कुणाला धार काढू देत नाही. मी कास धुतली, पेंड ठेवली, गोंजारलं, तिने बादलीला लाथ मारली. दुसऱ्या दिवशी झुंबरची जुनी साडी खांद्यावरून घेऊन, जरा डोक्यावर ओढून बसलो. गाय फसली नाही, पण तेवढ्यात कुंपणापलीकडून काकासाहेब आले. त्यांनी मला काहीही विचारलं नाही. ते तसेच मागे फिरले आणि गावात मात्र बरंच काही सांगितलं. त्या दिवसापासून मी बसस्टँडवर गेलो की गप्पा थांबतात. चालायचंच. जनावरालासुद्धा आपलं माणूस ठरलेलं असतं आणि त्याला तुम्ही नियम दाखवू शकत नाही, एवढं मी त्यातून शिकलो.

एकदा संध्याकाळी करण आला. वाढलं. भाकरीचे तुकडे ताटात बघून तो म्हणाला, "काकू कदी येनार?" मी म्हणालो, येईल. मग तो चाचरत म्हणाला, "काका, त्या दिवशी शेवटच्या चढाईला..." मी त्याला तिथेच थांबवलं. म्हटलं, एकदा निकाल लागल्यावर साक्ष घेत नसतात. तू जेव. तो जेवला आणि गेला. खरकटं ताट त्याने स्वतः घासून ठेवलं, ते मात्र मला आवडलं नाही. माझ्या घरात त्याला कधी ताट घासावं लागलेलं नाही.

पण आतून मला एक गोष्ट सिद्ध करायची होती. लोकांना नव्हे, मला लोकांची फिकीर नाही. बाजू न घेता सामना बघता येतो, हे एकदा रोखठोक दाखवायचं होतं. श्रीरामपूरला मोठी स्पर्धा होती, अझहरचेच स्पीकर होते, मी त्याच्या टेम्पोत बसून गेलो. एक संघ कोकणातला, एक विदर्भातला. दोन्ही गावं मी पाहिलेली नाहीत, दोन्हीकडे माझी सोयरीक नाही, दोघांचे कपडेही एकसारखेच मळलेले. मी अझहरला म्हणालो, आज बघ, निवेदन कशाला म्हणतात ते.

सुरुवात फार सुंदर झाली. "निळ्या संघाची चढाई, लाल संघाचा बचाव," असं मी सरकारी पत्रासारखं बोलत होतो. खरं सांगायचं तर कंटाळा येत होता. माणसं इकडून तिकडे पळत होती आणि मी ते सांगत होतो. मग कोकणाच्या संघातला एक उंच, काटकुळा मुलगा माझ्या नजरेस पडला. खेळ काही विशेष नाही. पण बाद झाला, की तो बाहेर जाण्याआधी प्रत्येक साथीदाराच्या खांद्याला हात लावायचा, जणू सगळ्यांची माफी मागून जातो आहे. परत आत आला, की पुन्हा सगळ्यांच्या खांद्याला हात. तो पुन्हा बाद व्हायचा. मी मनात म्हणालो, अरे, जरा डावीकडून जा. तो उजवीकडून गेला आणि बाद झाला. मला वाईट वाटलं. मग मैदानावरचे बाकीचे सगळे पुसट व्हायला लागले आणि तो एकटाच स्पष्ट दिसायला लागला. आणि एकदा तो खरोखरच डावीकडून शिरला, दोघांना शिवून निसटला, तेव्हा सगळ्या श्रीरामपूरने स्पीकरवरून माझा आवाज ऐकला, "बघितलं का आपलं पोरगं."

अझहरने माझ्याकडे बघितलं. आयोजकांनी बघितलं. विदर्भाचे प्रशिक्षक तर माचाणाच्या पायऱ्याच चढून आले. मी स्वतःहून माइक दिला. (काढून घेतला असं अझहर सांगत असेल तर त्याला वायरी गोळा करायच्या होत्या, त्याचं लक्ष नव्हतं.) उरलेला सामना मी लोकांत बसून पाहिला आणि एवढा ओरडलो, की परतीच्या एसटीत कंडक्टरकडे तिकीट खुणेने मागावं लागलं. आपलं पोरगं हरलं. मला त्याचं नावसुद्धा माहीत नाही.

येताना नेवाशापर्यंत मी विचार करत होतो. ज्या सामन्यात आपलं कुणी नाही, तो सामना नसतो, ती नुसती धावपळ असते. मैदानावर कुणीतरी एक आपला लागतो. तो कुठून येतो ते खेळाच्या नियमात लिहिलेलं नाही. कुणाचा ओसरीवर जेवलेला असतो, कुणाचा मामंजींसारखा डोक्यावरून हात फिरवतो, कुणाचा नुसताच बाद होऊन खांद्याला हात लावून जातो. एकदा तो आपला झाला, की डोळे त्याच्या बाजूने बघायला लागतात आणि आपल्याला वाटत राहतं, की आपण फक्त बघतो आहोत. हे मी तुम्हाला माझ्या अनुभवावरून ठामपणे सांगतो. यात मी हरलो असं समजू नये. हा माझा शोध आहे.

म्हणून भिमाजीराव, तुम्ही त्या दिवशी बोरटाकळीच्या डोळ्यांनी बघितलंत, यात तुमचा दोष नाही, मी तुम्हाला मोठ्या मनाने समजून घेतलं आहे. आता तुम्हीही मला समजून घ्यावं आणि फोन उचलावा. निर्णय तोच राहील. बाकी सगळं पूर्वीसारखं असावं, एवढंच या पत्राचं कारण आहे. दुसरं काही नाही.

लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, आणि गुडघ्याला तेल लावत जा.

आपला (ही लकब नव्हे),
पुंजाराम

ता. क. दुसरं काही नाही असं वर लिहिलं, ते पुन्हा वाचून पाहिलं. एक आहे. झुंबरला पाठवून द्या. गाय आटत चालली आहे.

ता. क. २. पत्र चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडावं लागलं. करण आला होता. या वेळी मी त्याला थांबवलं नाही. तो म्हणाला, "लागला हुता हात, काका. कोपराला. सगळं गाव बगत हुतं, म्हनून तोंडातून निगालं न्हाई." मी म्हणालो, मग आता? तो म्हणाला, कप्तान मी आहे, आता काय ते मीच करतो. त्याने आणि संघातल्या पोरांनी चषक पोत्यात गुंडाळून अमृतच्या टेम्पोत, दुधाच्या कॅनच्या मागे ठेवला आहे. पोरं स्वतः कॅनच्या शेजारी बसून येत आहेत. मच्छिंद्रच्या हातात देणार म्हणतात. गावात आत्ताच कुणी चौकशी केली तर मला माहीत नाही, पण उद्या मी स्पीकर लावून सांगणार आहे. पोरांना जेवायला घाला. करण लाजेल, त्याला आग्रह करा.

ता. क. ३. अमृत टेम्पो चालू करून उभा आहे आणि आत्ता सांगतो आहे, की भिमाजीरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळ्याला पट्टी आहे, पत्र झुंबरबाईच वाचून दाखवतील. हे आधी कळलं असतं तर बरंचसं वेगळं लिहिलं असतं. आता वेळ नाही.

तर झुंबर, तू इथवर वाचलंच आहेस. हे पुढचं मोठ्याने वाचू नकोस. शेवटच्या चढाईला हात लागला की नाही, हे मला त्या दिवशीही माहीत नव्हतं. मी तिकडे बघतच नव्हतो. तू लुगडं सावरून खुर्चीवर उभी राहिली होतीस आणि दोन्ही हात वर करून ओरडत होतीस. तुला असं मी कधी बघितलं नव्हतं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी सांगणं भाग होतं, तर तोंडातून करणच्या बाजूचं निघालं.

लवकर ये. आणि पुढच्या वर्षी जरा मागे बस. मला खेळ बघायचा असतो.